टकेटच्या बदल्यात क्रुगर

बफेलो,
१७ जानेवारी १९९२

प्रिय ओपल,

नाताळचं कार्ड मिळालं. त्यावर तुझ्या एकटीचीच सही होती, हे ओटोने लगेच हेरलं. "व्हर्जिलचा हात दुखतोय वाटतं," म्हणाला. मी म्हटलं, मोठ्या माणसांना वेळ कुठे असतो!

इथे बर्फ खिडकीला टेकलंय. एप्रिलपर्यंत बेसबॉल बंद, म्हणजे लोकांना जुनी मढी उकरण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. दर हिवाळ्यात आमच्या पेपरला तीच उबळ येते. "आपल्या संघाने केलेली सर्वांत वाईट अदलाबदल कोणती?" वाचकांनी मतं पाठवायची. यंदाही पहिला नंबर आमचाच. 'व्हर्जिल टकेटला लुईव्हिलला दिलं आणि त्याच्या बदल्यात ओटो क्रुगर घेतला, १९५८.' शेजारी शेजारी फोटो. तुझा नवरा करंडक उंचावतोय आणि माझा नवरा खांदा धरून मैदानाबाहेर चाललाय. इतक्या वर्षांत मेल्यांना दुसरा फोटो सापडला नाही.

ओटो दरवर्षी हे सगळं नाटकी आवाजात वाचून दाखवतो आणि मला हसवतो. यंदा अर्ध्यातच त्याला दम लागला. चष्मा काढून बसून राहिला. मग म्हणाला, "इर्मा, सगळं गाव बोललं गं. न्हावी बोलला, पाद्री बोलला. एक व्हर्जिल मात्र आजवर काही बोलला नाही. त्याला काय वाटत असेल?"

ओपल, तुझ्याशी आडपडदा कशाला ठेवू? त्याचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा दिसला तर देवाची कृपा. आता त्याला जेवणाची हौस नाही, पत्त्यांची नाही. एवढा एक प्रश्न तेवढा उरलाय. मी त्याची समजूत घातली तर ते बायकोचं बोलणं. पेपराने कौतुक केलं तर तो म्हणणार, आजारी आहे म्हणून दया आली. ज्याच्या बदल्यात तो आला, त्यानेच सांगितलं तर त्याला पटेल.

व्हर्जिलला दोन ओळी लिहायला सांग ना. खोटं लिहू नकोस म्हणावं. 'त्या दिवशी तरी सौदा बरोबरीचा होता,' एवढंच लिहिलं तरी पुरे. तेव्हा होताच तो बरोबरीचा. दोघेही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, दोघेही चांगले, आणि पुढे काय होणार हे कुणाच्या बापाला माहीत होतं?

आपल्या दोघींना तरी कुठे माहीत होतं? नवरे त्याच रात्री आगगाडीत बसून नव्या संघांकडे गेले, आणि घरं आवरायला आपण मागे राहिलो. मग तू माझ्या भाड्याच्या घरात राहायला जायचं आणि मी तुझ्या, असं ठरलं. सिनसिनाटीच्या अलीकडे पेट्रोल पंपावर भेटून आपण किल्ल्या बदलल्या होत्या. तू म्हणालीस, "मोरीचा नळ गळतो, खाली बादली ठेव." मी म्हणाले, "आमचा कुत्रा गाडीत ओकतो, त्याला तिथेच ठेवलाय, तुझ्या पदरात घालते." म्हणजे बघ, त्या सौद्यात लुईव्हिलला टकेट मिळाला आणि वर एक कुत्रा. आमच्या लोकांना हे कळलं तर आणखी चिडतील.

पत्राची वाट बघते. ओटोला मी हे लिहिल्याचं सांगितलेलं नाही.

तुझी,
इर्मा


लुईव्हिल,
३ फेब्रुवारी

प्रिय इर्मा,

तुझं पत्र वाचून मन लागेना. ओटोला मिठाचं खाऊ देऊ नकोस, आणि बर्फ उपसायला तर मुळीच जाऊ देऊ नकोस. ऐकणार नाही तो, तरी सांगत राहा.

व्हर्जिल मजेत आहे. सकाळभर पुढच्या ओसरीवर बसतो, माणसं बघतो. त्याला लिहायचा फार कंटाळा. पहिल्यापासूनच तसा आहे.

तू सौद्याचं विचारलंस. त्याचं नाही सांगत, माझं सांगते. पेपरवाले फक्त जिंकलेले सामने धरतात. माझ्या बाजूने कुणी मांडून बघितलंय का? दोन्ही मुलं जन्मली तेव्हा व्हर्जिल परगावी होता. खेळणं सोडून संघाला शिकवायला लागला तरी तेच, थोरलीच्या लग्नात तो विमानतळावरून थेट चर्चमध्ये आला, बुटांना मैदानाची माती. नाव मोठं झालं तसा तो घरात पाहुण्यासारखा राहायला लागला. तुझा ओटो रोज संध्याकाळी जेवायला घरी असायचा. तू दर पत्रात त्याची तक्रार करायचीस, पायात घोटाळतो म्हणून. मी ती तक्रार वाचून जळायची, इर्मा. तेव्हा तुझ्या गावाने गमावलं आणि माझ्या गावाने कमावलं असेल, पण आपल्या दोघींत कुणाचा फायदा झाला, हे मला अजून सांगता येत नाही.

सोबत ओटोसाठी व्हर्जिलचा फोटो पाठवते आहे, त्याच्या सहीचा. गोड मानून घ्या.

तुझी,
ओपल


बफेलो,
११ फेब्रुवारी

ओपल,

फोटो मिळाला. 'शुभेच्छांसह, व्हर्जिल टकेट.' खालचं नावही छापील नाही हं, खास शाईने लिहिलंय! कुंपणापाशी वही घेऊन उभ्या असलेल्या पोराला जे देतात, तेच माझ्या मरणाच्या दारातल्या नवऱ्याला पाठवलंत. शाब्बास.

पाकीट ओटोनेच उघडलं. मला वाटलं, फेकून देईल. त्याने तो फोटो साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला, त्याच्याकडे बघून हसला, म्हणाला, "मोत्यासारखं अक्षर आहे लेकाचं." आणि सूप तसंच टाकून उठला.

आता तू मांडून दाखवलंसच, तर माझंही ऐकून घे. त्या मे महिन्यात आम्ही इथे आलो तेव्हा सरोवरावरून असा गार वारा यायचा की बोटं वळायची नाहीत. ओटोने पहिला चेंडू टाकायच्या आत प्रेक्षक ओरडायला लागले, "टकेटला परत आणा!" दुसऱ्या सामन्यातही तेच. त्याच आठवड्यात त्याचा खांदा भरून आला. नव्या संघात आलेला पिचर कधी सांगतो का, दुखतंय म्हणून? जीव गेला तरी सांगत नाही. मालकांनी मोठा माणूस देऊन आपल्याला घेतलंय, आता आपली किंमत दाखवायला नको? मी त्याला रोज शेकून द्यायची, आणि तो सदरा घालून, कुणाला पत्ता लागू न देता, मैदानात जायचा. जूनमध्ये खांद्यात काहीतरी तुटलं. आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला म्हणतात. झालं, तिथेच संपला ओटो क्रुगर.

मग जन्मभर तो लोकांच्या तळघरात उतरून घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करत राहिला. ऐन थंडीत मुलं कुडकुडत असायची, हा भट्टी पेटवून द्यायचा, आणि वर आला की घरधनी कॉफी पुढे करत विचारायचा, "तुम्हीच ना ते, आपण टकेट देऊन घेतलेले?" हा म्हणायचा, "हो, मीच तो." कधी उलटून बोलला नाही. घरी येऊन मला सांगताना पण हसायचा. मीच मूर्ख, मला ते हसू खरं वाटायचं.

तू संध्याकाळच्या जेवणांवर जळायचीस म्हणे. त्या जेवणांना तो बसायचा, बाई, पण डाव्या हाताने घास उचलता यायचा नाही त्याला.

व्हर्जिलला सांग, तो फार मोठा झालाय. दोन ओळीसुद्धा खाली वाकून लिहिता येऊ नयेत एवढा. मी पुन्हा लिहिणार नाही.

इर्मा क्रुगर


लुईव्हिल,
२० मार्च

प्रिय इर्मा,

महिनाभर रोज पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. तू रागावलीस ते बरोबर. पण ज्याच्यावर रागावलीस तो आता इथे नाही, हे तुला सांगायलाच हवं.

व्हर्जिलला लिहिता येत नाही. पेन हातात दिलं तर उलटसुलट करून बघतो आणि मला परत देतो. तो फोटो कपाटातल्या जुन्या गठ्ठ्यातला होता. चाहत्यांना पाठवायला पूर्वी एकदम सह्या करून ठेवायचा, त्यातले थोडे उरलेत. त्याच्या हातचं अक्षर आता माझ्याकडे तेवढंच आहे गं. मला वाटलं, आहे त्यातलं चांगलं पाठवावं. ते तुम्हाला कसं दिसेल, हा विचारच मनात आला नाही.

तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आधी गाडीची किल्ली हरवायला लागली, मग नावं, मग माणसं. कळत होतं तेव्हा त्याने माझा हात धरून सांगितलं, "ओपल, संघातल्या पोरांना कळू देऊ नकोस." म्हणून सगळ्यांशी खोटं बोलत आले. तो मजेत आहे, तो बागेत आहे, तो मासे धरायला गेलाय. शेवटी तुझ्याशीही.

त्याची वर्षं शेवटाकडून एकेक करून पुसली गेली. दोन्ही अजिंक्यपदं गेली. नातवंडं गेली. इथे त्याच्या नावाचा रस्ता आहे, परवा तिथून जाताना पाटी वाचून म्हणाला, "हा टकेट कोण? आमच्या नात्यातला दिसतो." कपाटातला करंडक त्याला घरमालकाचा वाटतो. आता तो अठ्ठावन्न सालच्या वसंतात येऊन थांबलाय, इर्मा. बफेलोत. रोज सकाळी टोपी घालून ओसरीवर बसतो आणि संघाच्या बसची वाट बघतो. पहिल्यांदा मी खरं सांगायची. "व्हर्जिल, तुला त्यांनी लुईव्हिलला दिलं." तो दर वेळी ते नव्याने ऐकायचा आणि लहान मुलासारखा रडायचा. "मी काय केलं होतं? मला कुणी येऊन सांगितलंसुद्धा नाही." ते खरंच आहे. तेव्हा त्याला रेडिओवरून कळलं होतं, दाढी करताना. मग मी सांगणं बंद केलं.

ओटोला विचारायचंय ना, सौदा बरोबरीचा होता का? त्या सौद्यातून व्हर्जिलला जे जे मिळालं, ते सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलंय. त्याला विचारणार तरी काय?

ओटोला हवे ते शब्द मी देऊ शकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ओपल


बफेलो,
२८ मार्च

ओपल, माझ्या बाई,

माझ्या तोंडाला आग लागो. इतकंच लिहिते, जास्त लिहिता येत नाही.

ओटोला सगळं वाचून दाखवलं. लपवणार होते, पण त्याने माझा चेहरा बघितला. मग म्हणाला, "गाडीत तेल भरून आण." मी म्हटलं, डॉक्टर जिना चढायला नको म्हणतात आणि तू लुईव्हिलला निघालास? तर म्हणतो, "डॉक्टर मला थोडाच संघात घेणार आहे! तो एकटा बसतो तिथे. जाऊन बसतो थोडा वेळ त्याच्या शेजारी."

मी चालवीन. वाटेत एक रात्र मोटेलात काढू. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

इर्मा


लुईव्हिल,
४ एप्रिल

प्रिय इर्मा,

या. मी शेंगा आणि मक्याचा पाव करीन, बिनमिठाचा.

एकच सांगते, ओटोला आधीच समजावून आण. व्हर्जिल त्याला ओळखणार नाही. तेव्हा तरी ते कुठे भेटले होते? काही ऐकायला मिळेल या आशेने येऊ नकोस म्हणावं, एवढा प्रवास करून रिकाम्या हाताने परत जाईल. आणि अदलाबदलीचा विषय काढायचा नाही. बस कधी येईल असं त्याने विचारलं, तर 'येईलच' म्हणायचं. मी तेच म्हणते.

कुत्र्याला आम्ही कुठे पुरलंय, ते तुला दाखवीन.

ओपल


बफेलो,
१० मे

प्रिय ओपल,

ओटो गेला. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. गेल्या रविवारी दुपारी रेडिओवर सामना लागला होता. आमचा संघ नेहमीप्रमाणे हरत होता. मी त्याला औषध द्यायला आले तर मान कलली होती. मला वाटलं, कंटाळून झोपला.

चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. ज्यांच्या भट्ट्या त्याने पेटवल्या ते सगळे आले होते. आणि तिथेही, ओपल, शवपेटीशेजारीसुद्धा, दोघे म्हातारे वाद घालत होते. एक म्हणत होता, खांदा तुटला नसता तर सौदा फायद्याचा ठरला असता. दुसरा म्हणत होता, छे, टकेट तो टकेट. मी त्यांना हाकलणार होते. पण एरवी ओटोच त्यांना खुर्च्या देऊन बसवायचा, म्हणून गप्प राहिले.

तुझ्याकडून आल्यापासून तो निराळाच झाला होता. तुझ्या घरून निघालो तो सिनसिनाटीपर्यंत झोपला, तोंड उघडं टाकून, पोरासारखा. इथे आल्यावर पेपर वाचायचा पण त्यातलं खेळाचं पान उघडायचा नाही. मी विचारलं, "व्हर्जिल काय म्हणाला रे?" तर म्हणाला, "निरोप होता माझ्यासाठी." कसला निरोप, ते सांगेना. "नंतर सांगतो." आता कसलं नंतर?

आपण दोघी कुत्र्याची जागा बघायला मागच्या अंगणात गेलो, तेव्हा तू शेगडीवरचं उतरवायला मध्येच घरात गेलीस. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी ओसरीवर उघडते. तू ऐकलं असशील. मला सांग. तो काय घेऊन गेला, एवढं मला कळू दे.

इर्मा


लुईव्हिल,
१६ मे

प्रिय इर्मा,

ऐकलं. ऐकू नये असं वाटत असतानाही खिडकीपाशी उभी राहिले. तेव्हाच तुला सांगणार होते, पण निघताना ओटोने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. वाटलं, ते सांगणं त्याचं आहे.

ओटो टाय लावून आला होता, आठवतं? चूक माझीच. तू कपड्यांचं विचारलं नाहीस आणि मला सुचलं नाही. कुठल्याही खेळाडूच्या बायकोला सुचायला हवं होतं. खेळाचे दिवस चालू असताना टाय लावलेला माणूस खेळाडूच्या दारात येतो तो संघाच्या ऑफिसातून, अदलाबदलीची बातमी घेऊन. व्हर्जिलने त्याला पायरीवर बघितलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ऑफिसातून आलात ना?" म्हणाला. "सांगून टाका साहेब. दिलंत ना मला?"

मी आतून धावत येणार होते. ओटोने खुर्ची ओढली, बसला, दम घेतला. मग म्हणाला, "हो. दिलं. म्हटलं, रेडिओवर ऐकण्याआधी आपण स्वतः जाऊन सांगावं."

"कुठे?"

"लुईव्हिल."

मला वाटलं, आता रडेल. नाही रडला. "आमच्या गावाजवळ आहे," म्हणाला. "ओपलला बरं वाटेल. घरी येऊन सांगितलंत, उपकार झाले. कोण करतं एवढं?" मग म्हणाला, "माझ्या बदल्यात कोण येतोय?"

"क्रुगर म्हणून आहे एक. डावखुरा."

"कसा आहे?"

इर्मा, इथे ओटोला काहीही म्हणता आलं असतं. ऐकणारं कुणी नव्हतं, आणि ऐकलेलं राहणारही नव्हतं. तो म्हणाला, "बरा आहे. तुझ्याइतका नाही."

व्हर्जिल एकदम त्याच्याकडे वळला. कित्येक महिन्यांत मी त्याला इतकं शुद्धीवर पाहिलं नव्हतं. "मग तुम्ही त्या पोराचं वाटोळं करताय साहेब," म्हणाला. "इथले लोक फार बोलतात. माझं नाव घेऊन घेऊन त्याला खाऊन टाकतील. त्याने मागितली होती का ही अदलाबदल?"

"नाही."

"मीही नव्हती मागितली. मग आम्हा दोघांचा काय संबंध? तुमचं तुम्ही बघा. त्याला सांगा, टकेटने निरोप दिलाय. म्हणावं, माझी जागा भरायला येऊ नकोस. मी काही इथे खड्डा ठेवून चाललो नाही. तू तुझा खेळ. आणि लोक ओरडले तर समज, ते माझ्यासाठी रडतायत, तुला शिव्या देत नाहीयेत. सांगाल ना? विसरू नका हं. तुम्ही ऑफिसवाले विसरता."

ओटो खाली वाकला होता, कोपर गुडघ्यांवर टेकून. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. ती हलत होती. थोड्या वेळाने म्हणाला, "पोचला."

"कसा पोचेल इतक्यात?" व्हर्जिलने विचारलं.

"पोचेल म्हणतोय मी. नक्की पोचेल."

तू अंगणातून आलीस तेव्हा व्हर्जिल त्याला रस्त्यावरच्या गाड्या दाखवत होता. बाकीचं तू बघितलंसच.

ते सगळं व्हर्जिल विसरेल असं मला वाटलं होतं. माणूस विसरला, टाय विसरला, पण त्या दिवसापासून तो बसची वाट बघत नाही. मला म्हणतो, सामान बांध, लुईव्हिलला जायचंय. मी सकाळी पेटी भरते, दुपारी तो झोपला की रिकामी करते. माझी काही तक्रार नाही. तो रडत नाही आता, आणि हे मला ओटोने दिलं. पेपरवाल्यांच्या मांडणीत हे कुठल्या बाजूला धरायचं, ते त्यांनी ठरवावं.

ओटो गेल्याचं मी त्याला सांगितलेलं नाही. कालच जेवताना त्याने विचारलं, "तो क्रुगर पोचला असेल ना गं बफेलोला? लोक बोलत असतील त्याला."

मी म्हटलं, "नाही रे. आता कुणी काही बोलत नाही त्याला."

"बरं झालं," म्हणाला आणि जेवायला लागला.

तुझी,
ओपल